लयक्रीडांतील गुणगणना आणि पावलीचा न्याय

नृत्याला अंक देणे ही काही नवी गोष्ट नव्हे. शाळांच्या लेझीम-स्पर्धा, महाविद्यालयांचे युवक महोत्सव, अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या कथ्थकच्या परीक्षा, या सर्व ठिकाणी नर्तकाच्या पदन्यासाचे रूपांतर अखेर एका आकड्यात होतच असते. नवीन आहे ते इतकेच, की १९९८ पासून हा आकडा काढण्याचे काम यंत्राने पत्करले आहे. त्या वर्षी जपानच्या कोनामी या कंपनीने ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ हा खेळ बाजारात आणला आणि पुढे त्याच धर्तीचे अनेक खेळ निघाले. यांना येथे ‘लयक्रीडा’ म्हटले आहे. परीक्षकाचा निकष पुष्कळदा त्याच्या मनातच असतो व तेथेच राहतो. यंत्राचा निकष मात्र आधी लिहून काढावा लागतो, त्यावाचून यंत्र चालतच नाही. म्हणून लयक्रीडेचा गुणनियम हा केवळ जमाखर्च नसून ते एक छोटेखानी लयशास्त्र आहे, आणि शास्त्रग्रंथातील सिद्धान्त जसा उदाहरणांवर पारखून घेतात तसा तोही पारखून घेता येतो.

या पारखणीसाठी सोमेश्वरनगर आणि भोवतालचा बारामती-इंदापूरचा टापू घेतला आहे. या उसाच्या गावांत अशी यंत्रे जागोजाग मांडलेली आहेत म्हणून नव्हे. तर पावलांनी ताल धरण्याच्या तीन अगदी भिन्न रीती येथे शेजारी शेजारी नांदतात म्हणून. शाळेच्या पटांगणावरची लेझीम ही पहिली. नीरा-भीमेच्या खोऱ्यातील धनगर समाजाचे गजीनृत्य ही दुसरी. आणि आषाढवारीतील वारकऱ्यांची पावली ही तिसरी. सासवडहून निघणारी सोपानकाकांची पालखी सोमेश्वरनगरवरून पुढे जाते. तुकोबांच्या पालखीची गोल रिंगणे इंदापूर तालुक्यात बेलवाडीस व पुढे इंदापुरास होतात. तेव्हा ‘पाऊल वेळेवर पडले’ या वाक्याचा अर्थ काय, हे विचारण्यास याहून योग्य भूमी शोधूनही सापडणे कठीण.

प्रथम यंत्राची रीत पाहू. खेळाडू चार बाणांच्या पाटावर उभा राहतो. पडद्यावर बाण खालून वर सरकत येतात आणि ठरलेल्या रेषेशी बाण पोहोचण्याच्या क्षणी त्या दिशेच्या चौकोनावर पाय पडावा लागतो. कोणत्या गीतात कोणत्या क्षणी कोणता बाण यावा याची यादी आधीच कोणीतरी करून ठेवलेली असते. तिला येथे ‘पदलेख’ म्हणू. यंत्र पाय पडल्याचा क्षण नोंदवते, पदलेखातील क्षणाशी ताडून पाहते आणि दोहोंतील अंतरावरून पावलाची प्रत ठरवते. ‘स्टेपमॅनिया’ या मुक्त संगणकप्रणालीत हे अंतर उघड लिहिलेले आहे. अंतर २२.५ मिलिसेकंदांच्या आत असेल तर सर्वोत्तम प्रत. ४५ च्या आत दुसरी. ९० च्या आत तिसरी. १३५ च्या आत चौथी. १८० च्या आत पाचवी. त्यापलीकडे पाऊल चुकले असे धरले जाते. पाऊल आधी पडले की मागाहून, याचा गुणांवर काही परिणाम होत नाही. आमच्याकडील कोणताही पखवाजी घाई आणि रेंगाळणे यांना एकाच मापाने मोजणार नाही. पण हा मुद्दा तूर्त बाजूस ठेवू.

याहून महत्त्वाची गोष्ट ही, की ही मुभा मिलिसेकंदांत बांधलेली आहे, मात्रेच्या प्रमाणात नाही. मिनिटाला ६० मात्रांच्या लयीत एक मात्रा १००० मिलिसेकंदांची असते व सर्वोत्तम प्रतीची मुभा तिच्या सव्वादोन टक्के भरते. लय चौपट केली, म्हणजे मिनिटाला २४० मात्रा झाल्या, की मात्रा २५० मिलिसेकंदांची होते आणि तीच मुभा ९ टक्क्यांवर जाते. मानवी हाताची वा पायाची चूक मात्र कालावधीबरोबर वाढत असते. दोन आघातांमधील अवकाश जितका लांब, तितके त्याचे माप डळमळते. म्हणजे यंत्राच्या न्यायाने द्रुत लय, पायांच्या दमाचा प्रश्न सोडला तर, मापापुरती सैल ठरते आणि विलंबित अत्यंत कडक. विलंबित लय सांभाळणे अवघड असते हे संगीतातील मुरलेल्या माणसांचे मत यंत्राने असे नकळत मान्य केले आहे. तथापि त्याचे श्रेय मात्र ते देत नाही. खेळातील गीतांची काठिण्यपातळी ठरविताना बाणांची दाटी व वेग यांकडेच मुख्यतः पाहिले जाते, आणि सावकाश गीत ‘सोपे’ म्हणून नवशिक्यापुढे ठेवले जाते.

आता गुणांची बेरीज. येथे मतभेद आहेत, आणि ते मतभेदच खरे उद्बोधक आहेत. आरंभीच्या आवृत्त्यांत साखळीला महत्त्व होते: लागोपाठ न चुकता जितकी पावले पडतील तितकी पुढच्या पावलाची किंमत वाढे. या नियमाचे अगदी साधे रूप घेऊन पाहावे. समजा गीतात २०० पावले आहेत आणि प्रत्येक पावलाला त्या क्षणीच्या साखळीच्या लांबीइतके गुण आहेत. एकही चूक न झाल्यास बेरीज २०,१०० होते. बरोबर मध्यावर, १०१ वे पाऊल चुकले तर १०० आणि ९९ अशा दोन साखळ्या पडून बेरीज १०,००० वर येते. एका चुकीने अर्ध्याहून थोडे अधिकच गेले. हीच चूक पहिल्या पावलावर झाली तर मात्र १९,९०० गुण शिल्लक राहतात, आणि शेवटच्या पावलावर झाली तरीही तितकेच. चूक एकच, तिचा दंड ती कोठे झाली यावर पन्नासपट बदलतो.

हा अन्याय जाणवल्यामुळे असो वा अन्य कारणाने असो, त्याच मालिकेच्या मधल्या काही आवृत्त्यांत साखळीऐवजी स्थानाला किंमत देण्यात आली. पहिल्या पावलाला एक वाटा, दुसऱ्याला दोन, दोनशेव्याला दोनशे. आता मधली एक चूक सारे उद्ध्वस्त करीत नाही. परंतु पहिल्या ५० पावलांना मिळून एकूण गुणांपैकी ६ टक्क्यांहून थोडे अधिक आणि शेवटच्या ५० पावलांना जवळजवळ ४४ टक्के अशी वाटणी होते. पुढे २००७ च्या ‘सुपरनोवा २’ पासून सर्व पावले समान मानण्यात आली. पूर्ण निर्दोष नृत्याचे दहा लाख गुण ठरवून ते पावलांच्या संख्येने भागायचे, अशी ती रीत. अलीकडच्या आवृत्त्यांत सर्वोत्तम पावलाला पूर्ण वाटा, दुसऱ्या प्रतीला त्याहून केवळ १० गुण कमी, तिसऱ्या प्रतीला वाट्याच्या ६० टक्क्यांतून १० वजा आणि चौथीला २० टक्क्यांतून १० वजा असे मिळतात. गीतात ४०० बाण असतील तर हे गुण अनुक्रमे २५००, २४९०, १४९० आणि ४९० होतात. पहिल्या व दुसऱ्या प्रतींतील भेद नाममात्र आणि दुसऱ्या व तिसऱ्यांतील भेद दरीएवढा! ४५ मिलिसेकंदांच्या आसपास कोठेतरी नर्तक ‘उत्तम’ असण्याचे थांबतो, असा हा निर्णय आहे. तो का, याचे उत्तर नियमात नाही.

२००४ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘इन द ग्रूव्ह’ या खेळाने निराळी वाट धरली. तेथे उत्तम पावलाला ५, त्याखालोखाल ४, मग २, मग शून्य. त्यानंतरच्या प्रतीला उणे ६ आणि चुकलेल्या पावलाला उणे १२. एक चुकलेले पाऊल म्हणजे सर्वोत्तमापासून १७ गुणांची घट, आणि दुसऱ्या प्रतीचे पाऊल म्हणजे एका गुणाची. म्हणजेच एक पाऊल अजिबात न पडणे हे १७ पावले किंचित हलल्याच्या बरोबरीचे आहे. हा आकडा १७ च का, असे विचारणे व्यर्थ. पण असा काही आकडा असावा लागतो ही कबुली मात्र प्रामाणिक आहे. युवक महोत्सवाच्या परीक्षकाच्या मनातही असाच एक आकडा असतो. तो स्वतःसही सांगत नाही, इतकेच.

या साऱ्या रीतींना आपल्या तालविचाराचा एक साधा प्रश्न घालून पाहावा. कथ्थकचा नर्तक तिहाई घेतो. एकच बोल तीनदा म्हणून तो समेवर येतो. आधीचे सर्व पदन्यास मोत्यासारखे असून शेवटचा ‘धा’ समेवर आला नाही, तर तिहाई फसली. ती अंशतः साधली असे कोणी म्हणत नाही. यंत्राचा निवाडा काय? साखळीच्या रीतीत शेवटचे पाऊल गमावल्यास २०,१०० पैकी २०० गुण जातात, म्हणजे शेकडा एक. स्थानाच्या रीतीतही तितकेच. समान वाटणीत तर शेकडा अर्धाच. तिन्ही शास्त्रांना सम नावाची वस्तू ठाऊकच नाही! स्थानाच्या रीतीत शेवटाला वजन आहे हे पाहून कोणास तिहाईची आठवण होईल, पण ते साम्य वरवरचे आहे. तिहाईत वजन शेवटाला नसते, ते आवर्तनाच्या आरंभबिंदूला असते; शेवट तेथे येऊन मिळतो म्हणून तो शेवट. तीनतालाच्या सोळा मात्रांत पहिली, पाचवी व तेरावी यांवर टाळी आणि नवव्यावर खाली असते. म्हणजे मात्रांना तेथे घराणी आहेत, कुळे आहेत. लयक्रीडेत सर्व मात्रा बिनकुळीच्या.

दुसरा दोष याहून खोल आहे. पदलेखात जे लिहिले नाही ते यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नाही. दोन मात्रांच्या जागी तीन पावले घालणारी आडलय अत्यंत नेमकी घेतली, तरी पदलेखकाने सरळ लय लिहिली असेल तर त्या पावलांतील बहुतेक वाया जातात. तेव्हा यंत्र लय मोजते असे म्हणणे सैल आहे. ते पदलेखकाशी असलेली निष्ठा मोजते. परीक्षक येथे नाहीसा झालेला नाही, तो अगोदर येऊन आपले काम उरकून गेला आहे.

ज्या खेळांना पाटच नाही त्यांची कथा थोडक्यात सांगता येते. युबिसॉफ्टचा ‘जस्ट डान्स’ हा २००९ मध्ये आला. यात खेळाडूच्या हातातील यंत्राची हालचाल मोजली जाते. अलीकडच्या आवृत्त्यांत कमाल गुण १३,३३३ असून १०,००० ला पाच तारे मिळतात. हा खेळ अत्यंत लोकप्रिय आहे व त्याचा आनंद खोटा नाही. परंतु केवळ हातावर बेतलेल्या या गणनेत पाय पूर्णपणे हिशेबाबाहेर राहतात, आणि खुर्चीत बसून योग्य हातवारे करणाऱ्यासही तारे मिळू शकतात. २०१० च्या ‘डान्स सेंट्रल’ने कॅमेऱ्याच्या साहाय्याने सर्व शरीर पाहण्याचा प्रयत्न केला, हे त्यामानाने एक पाऊल पुढे होय.

आता पटांगणाकडे वळावे. लेझीम यंत्राला सर्वांत जवळची. तिच्या ‘चार आवाज’ या आरंभीच्या प्रकाराचे नावच सांगते की येथे चार ठिकाणी खळखळाट व्हावयाचा आहे. शिक्षक अंक मोजतो, मुले अंकावर हात हलवितात. ‘एक जगह’, ‘आदि लगाव’, ‘आगे फलांग’ हे पुढचे प्रकार म्हणजे तयार पदलेखच. तरीसुद्धा लेझीमच्या शुद्धतेचा निकष घड्याळ नव्हे. हलगी किंचित चढली तर साठ मुले तिच्याबरोबर चढतात, आणि कोणीच चुकलेले नसते. साठांचा आवाज एक येतो की नाही, हाच तेथला प्रश्न. एक मुलगा घड्याळाशी तंतोतंत राहिला आणि हलगी पुढे गेली, तर चुकला तो मुलगा. यंत्र मात्र त्यालाच पहिला क्रमांक देईल.

गजीनृत्यात हे अधिक तीव्रतेने दिसते. ढोल-झांजांभोवती फेर धरून, हातातील रुमाल उडवीत गजी संथ आरंभ करतात आणि लय हळूहळू वाढत जाते. ही वाढ कोणत्याही कोष्टकाने ठरलेली नसते. ढोलकरी गजींच्या पावलांकडे पाहतो व गजी ढोलाकडे. लयीची मालकी कोणा एकाकडे नाही. अशा नृत्यात ‘मूळ क्षण’ कोणाचा धरावा? ढोलकऱ्याचा धरला तर नर्तकांनी त्याला ओढून नेल्याचे क्षण नर्तकांच्या चुका म्हणून नोंदले जातील, आणि नर्तकांचा धरला तर ढोलकरी नापास होईल.

वारीतील पावलीवर तर यंत्राचे माप अगदी भौतिक कारणानेच लागू पडत नाही. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. २२.५ मिलिसेकंदांत तो साडेसात मीटरांहून थोडा अधिक जाईल. म्हणजे मृदंगापासून आठ मीटरांवर उभा असलेला वारकरी कानाला ऐकू आलेल्या थापेवर निमिषाचीही चूक न करता पाऊल टाकील, तरी मृदंगाच्या घड्याळाने त्याची पहिली प्रत गेली. पंधरा मीटरांपलीकडे दुसरी जाते, तीस मीटरांपलीकडे तिसरी. बेलवाडीच्या रिंगणात अश्व धावतात. त्याचा विस्तार तीस मीटरांहून किती मोठा असतो ते पाहणाऱ्यास सांगावयास नको. तेथे अमुक एका मृदंगाचे घड्याळ सर्वांवर लादले तर पलीकडच्या अंगाचे सारे टाळकरी कनिष्ठ प्रतीचे नर्तक ठरतील. प्रत्यक्षात काय होते? प्रत्येक दिंडीचा आपला वीणेकरी, आपला मृदंग, आपले टाळ. पावली जवळच्या ध्वनीला बांधलेली असते, आणि शेजारच्या दिंडीशी तिचा मेळ कानापेक्षा डोळ्यांनीच अधिक साधला जातो. एक घड्याळ तेथे नाहीच. अनेक घड्याळे आहेत आणि ती एकमेकांना सांभाळून घेतात. हा शिथिलपणा नव्हे. मोठ्या मैदानावर हजारो पावलांनी एक राहण्याची ध्वनीच्या नियमांत बसणारी हीच एक रीत आहे. चित्रवाणीसंचाच्या पडद्याला चित्र दाखविण्यास लागणारा काही दशक मिलिसेकंदांचा विलंब खेळातून वजा करण्यासाठी ‘स्टेपमॅनिया’त खास सोय करावी लागते, हे येथे लक्षात घ्यावे. यंत्राच्या कर्त्यांना आपल्या पडद्याचा विलंब ठाऊक आहे. मैदानाचा विलंब त्यांच्यापुढे कधी आलाच नाही.

हा वाद केवळ खेळापुरता राहिला असता तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. परंतु कॅमेऱ्यातून शरीराचे सांधे ओळखणाऱ्या प्रणाली आज साध्या भ्रमणध्वनीवर चालतात, आणि नृत्यस्पर्धांचे गुणपत्रक यंत्राने भरावे हा विचार आता दूरचा राहिलेला नाही. त्याचे समर्थनही दुबळे नाही. सोमेश्वरनगरच्या महाविद्यालयातील एखादे गजीपथक शहरातील महोत्सवात उतरते, तेव्हा त्याचे परीक्षण करणाऱ्यास गजीनृत्य कितपत ठाऊक असते? गुण का कमी पडले हे त्या मुलांना कोणी सांगत नाही. यंत्राने निदान नियम लिहून ठेवलेला असतो. तो सर्वांना सारखाच लागू होतो, गाव आणि पोशाख पाहत नाही, आणि त्यावर वाद घालता येतो. वरील सर्व आक्षेप घेता आले तेही नियम उघड असल्यामुळेच. मानवी परीक्षकांविषयी इतक्या नेमकेपणे लिहिणे शक्य झाले नसते. तथापि उघड नियम आणि योग्य नियम या दोन गोष्टी आहेत. आज प्रचलित असलेला नियम जसाच्या तसा गजीनृत्यास लावला, तर मुले लवकरच ध्वनिमुद्रित, एकसारख्या लयीवर नाचू लागतील, कारण गुण त्यालाच आहेत. आणि ढोलकऱ्याला वाहनातून नेण्याचा खर्चही वाचेल. मग स्पर्धेत गजीनृत्य राहील, गजी आणि ढोल यांचे परस्परांकडे पाहणे मात्र राहणार नाही.

उलट दिशेचा प्रयोग मात्र करून पाहण्याजोगा आहे. ‘स्टेपमॅनिया’त कोणासही आपला पदलेख रचता येतो, आणि गीताच्या मध्येच लय बदलण्याची सोय त्यात आहे. गजीनृत्याच्या एखाद्या संपूर्ण ध्वनिमुद्रणातील ढोलाचा प्रत्येक आघात ऐकून तो लिहून काढला, तर लय कोठे व किती चढते याचा आलेख प्रथमच हाती येईल. तीन-चार निरनिराळ्या गावांच्या पथकांचे असे लेख शेजारी मांडले तर ही चढण गावोगाव एकाच वळणाची आहे की प्रत्येक ढोलकऱ्याची निराळी, हे सांगता येईल. मुभा मिलिसेकंदांत न ठेवता मात्रेच्या प्रमाणात ठेवणे आणि समेच्या बाणास वेगळे वजन देणे ही कामे गणिताच्या दृष्टीने किरकोळ आहेत. अडचण येईल ती खालीची. ‘इन द ग्रूव्ह’मध्ये ज्यावर पाय पडू नये अशी चिन्हे आहेत व त्यांवर पाय पडल्यास ६ गुण कापले जातात, खालीची जागा त्या चिन्हाने दाखवावी असे प्रथमदर्शनी सुचते. पण खाली हा निषेध नाही. तेथे हात उघडा पडतो, बोलातील घुमारा उतरतो, आणि आवर्तन चालूच राहते. पदलेखात तिच्यासाठी कोणते चिन्ह घालावे, आणि ती नीट सांभाळणाऱ्या पावलाला काय गुण द्यावेत, हे ढोलाजवळ बसूनच ठरवावे लागेल.